ज्ञानूचा हात

“काका, गाणं बंद ठेवून फिरवाल का? आणि मला एकटीलाच बसायचंय.”

मी हँडलाला ग्रीस लावत बसलो होतो. मान वर केली तर समोर एक पोरगी. पायात बूट, पाठीवर पोत्याएवढी सॅक, हातात काळी पेटी. औंधची यमाईदेवीची जत्रा भरलेली, पण सकाळच्या वक्ताला जत्रेत कोण असतंय? खरकटं हुंगणारी कुत्री, दात घासत हिंडणारे दुकानदार आणि आम्ही. तंबूवरचं दव अजून ठिबकत होतं.

“गाण्याबिगर ब्रेकडान्स?” मी म्हणलं. “आमच्या धंद्यात असं गिऱ्हाईक पहिलंच.”

तिकिटाच्या खोक्यातनं आमची मालन ओरडली, “बसू द्या की वं तिला! तुम्हाला तरी गाण्यातलं काय कळतंय?”

ज्यांनी ब्रेकडान्स बघितला नसंल त्यांना सांगतो. मोठा थोरला लोखंडी तवा असतो, जरा कलता बसवलेला. त्याच्यावर रंगीबेरंगी खुर्च्या, वाटीसारख्या खोलगट. आम्ही वाट्याच म्हणायचो. तवा मोटारीवर फिरतो, पण वाट्यांना मोटार नाही. त्या आपापल्या खुंट्यावर मोकळ्या. तवा फिरला की कुठली वाटी नुसती झुलती, कुठली गरागरा गिरकी घेती, अन् आतला गडी आईच्या नावानं हाका मारतो.

माझं काम हँडलाचं. तव्याचा वेग कमीजास्त करायचा. आणि त्यावरच माझं नाव झालेलं. गेटावर बोर्ड होता, चांगल्या पेंटराकडनं रंगवून घेतलेला: “ज्ञानूचा हात! सांगाल ती वाटी फिरणार!” मालन माइकवर असायची. “बघा मंडळी, मास्तरांनी आता हिरवी वाटी धरली!” असं म्हणायची, अन् बघावं तर हिरवीची भिंगरी झालेली. पब्लिक शिट्ट्या मारायचं. म्हसवड काय, पुसेगाव काय, माणसं बोर्ड वाचून आत शिरायची. हँडल कधी झटकायचं, कधी सोडायचं, सगळं माझ्या मनगटात होतं. निदान मी तरी तसंच समजत होतो.

पोरगी बसली. पेटी वाटीच्या तळाला पट्ट्यानं आवळली, तिची वायर मांडीवरच्या दुसऱ्या एका पेटीला जोडली, आणि मी फिरवलं. खाली उतरली तर तोंड पांढरंफटक, पण हसतीय.

“काका, अजून एकदा. अगदी तसंच.”

“तसंच म्हणजे?”

“हँडल मघाशी होतं तिथंच.”

पुन्हा फिरवलं. वाटी मघा डावीकडं फिरली होती, आता उजवीकडं गेली, मधेच थांबली, पुन्हा डावीकडं. पोरगी उतरून पेटीत बघत टाळ्या वाजवायला लागली. मालन म्हणली, “अवं, डोक्यावर परिणाम झाला का काय पोरीच्या? एवढं नका फिरवत जाऊ.”

नाव वृषाली फडतरे. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात डॉक्टर होत होती. मी लगेच शर्ट वर करून म्हणलं, “डॉक्टरीणबाई, हितं कमरेत भरतंय, काय गोळी असली तर द्या.”

“काका, मी ती डॉक्टर नाही हो.”

“मग कुठली, जनावरांची?”

“ह्यांना तीच लागतीय,” मालन म्हणली.

हसून हसून पोरगीनं चष्मा काढला. आणि तिथंच बसून, मालनच्या हातचा चहा पीत, तिनं सगळं सांगितलं. तिच्या विषयाचं नाव मला आजबी धड घेता येत नाही, पण गोष्ट ध्यानात राहिली. ती काळी पेटी वाटीच्या गिरक्या मोजायची. जगात काही वस्तू सरळमार्गी असतात. दुप्पट ढकलली की दुप्पट हालणार. आणि काही असतात आमच्या वाट्यांसारख्या. सुरू होताना बोटभर इकडं असली तर एक तऱ्हा, बोटभर तिकडं असली तर दुसरीच. फरक वाढत वाढत कुठल्या कुठं जातो. नियम सगळे पाळती, पण पुढं काय करंल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

“म्हणजे आमच्या मालनसारखी,” मी म्हणलं.

खोक्यातनं एक तिकिटाचं बुक माझ्या डोक्यात येऊन बसलं.

“हळू फिरवलं की सगळ्या वाट्या शहाण्यासारख्या झुलतात,” वृषाली म्हणली. “खूप जोरात फिरवलं तरी शिस्तीत असतात. मधे एक वेग आहे, तिथं त्या वेड्या होतात. मला तो वेग पाहिजे.” आणि तिनं खिशातनं खडू काढून माझ्या हँडलाच्या पट्टीवर रेघ मारली. माझ्या हँडलावर! दुसऱ्या कुणी मारली असती तर खडू त्याच्या नाकात घातला असता. पण पोरगी गोड होती.

तरीबी मी म्हणलं, “बाई, तुझं यंत्र बरोबर असंल. पण एक चुकतंय तुझं. काय करंल ते सांगता येत नाही म्हणतीस, मला येतंय. हा हात बघ. ह्याच हातानं बायको मिळवलीय.”

“सांगा, सांगा,” मालन आतनं म्हणली. “आज सकाळपासनं कुणाला सांगितलं नव्हतं.”

मी सांगितलंच. तेव्हा मी दुसऱ्याच्या ब्रेकडान्सवर हँडल मारायचो. विट्याकडच्या एका जत्रेत ही मैत्रिणींबरोबर आली. पिवळ्या साडीत. मी बघितलं, अन् मनात म्हणलं, हिची वाटी फिरवायचीच. असं हँडल टाकलं की बाकीच्या वाट्या नुसत्या डुलतायत, अन् हिची एकटीची भोवऱ्यासारखी. उतरली अन् थेट माझ्यासमोर. पुढच्या साली लग्न. जत्रेतल्या समद्या दुकानदारांना ही गोष्ट पाठ होती.

वृषाली ऐकत होती, पण तिचं तोंड उतरत चाललं होतं.

“काका, हीच तर अडचण आहे,” ती म्हणली. “उद्या सकाळी माझे सर येणार आहेत. डॉक्टर केळुसकर. त्यांच्या सहीशिवाय माझं काम पुढं सरकत नाही. त्यांचं म्हणणं, जत्रेतला पाळणा हा काय संशोधनाचा विषय आहे? वाट्या वेड्यावाकड्या फिरतात, कारण ऑपरेटर हँडल वेडंवाकडं मारतो. यंत्रात काही नाही, सगळी माणसाच्या हाताची करामत. उद्या त्यांना पटलं नाही तर ते विषय बदलायला लावणार. मग पहिल्यापासून सगळं. आणि घरचे तेवढी वाट बघणार नाहीत. सुट्टीत गेले की बैठकीत पाव्हणे कांदेपोह्याला बसलेलेच असतात.”

“मग उद्या मी काय करू?”

“काही नाही. हँडल खडूच्या रेघेवर ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा.”

हात काढून घ्यायचा! ज्याचा बोर्ड लागलाय तोच हात. मी बोर्डाकडं बघितलं. तिलाबी ते कळलं असावं. ग्लास विसळून ठेवला अन् खाली मान घालून गेली.

मालन म्हणली, “काय करणार?”

“बघू.”

“बघू म्हणजे काय वं? पोरीचं नशीब लटकलंय.”

“अन् माझं नाव?”

मालन माइकच्या वायरीची गुंडाळी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन तव्यावर आलं तेव्हा सर हजर. उंच, वाळके, कानाला मफलर, अंगात इस्त्रीचा कोट. जत्रेतली धूळ आपल्याला बघून बाजूला होईल असं चालत होते. वृषालीनं वाट्यांमधे वाळूची पोती बसवून ठेवली होती, माणसांच्या जागी. माणूस हलतो, पोतं हलत नाही, म्हणून.

सरांनी बोर्ड वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

“ज्ञानू म्हणजे तुम्हीच का?”

“व्हय साहेब.”

“इथं लिहिलंय, सांगाल ती वाटी फिरणार. खरं आहे?”

पोरगी माझ्याकडं बघत होती. मालनबी बघत होती. शेजारचा भेळवाला, मौतका कुवाँवाला, सगळे दात घासायचे थांबून बघत होते. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, “फिरणारच. उगंच लिहिलंय व्हय?”

“झालं तर मग,” सर म्हणले. “मिस फडतरे, मी हेच सांगत होतो. हा माणूस यंत्र चालवतोय. तुम्ही मोजताय तो ह्याचा हात.”

वृषाली वाकून पेटीचा पट्टा सोडायला लागली. गुंतलेला पट्टा सुटंना, तशी चष्म्याच्या आतनं डोळे पुसायला लागली.

मालननं माझ्याकडं असं बघितलं की मला संध्याकाळच्या भाकरीची काळजी वाटायला लागली.

“थांबा साहेब,” मी म्हणलं. “बोलून काय हुतंय? बघा तरी. सांगा कुठली वाटी फिरवू?”

“तांबडी.”

आता माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. तांबडी फिरवायची नाही, असं मी ठरवलं होतं. सगळ्यांसमोर नापास व्हायचं. पोरीचं काम होईल, अन् मी म्हणेन, आज अंग कसकसतंय. नाव एका दिवसात थोडंच बुडतंय? तांबडी सोडून निळी फिरवायची, हाताला सवयच होती.

बटण दाबलं. तवा फिरायला लागला. तांबडी वर आली की मी हँडल अगदी मऊ धरायचो, तान्ह्या पोराचं बोट धरावं तसं. निळी वर आली की झटका. तांबडी मऊ, निळीला झटका.

अन् निळी बसली झुलत, पेंगणाऱ्या म्हातारीसारखी. तांबडी जी सुटली, जी सुटली! आतलं पोतं फुटलं. सगळीकडं वाळू उडाली, सरांच्या कोटावर, भेळवाल्याच्या चुरमुऱ्यांत. मी हँडल मागं ओढतोय, पुढं रेटतोय, मनातल्या मनात यमाईला हात जोडतोय, पण तांबडी ऐकंना. जणू माझ्यावर खुन्नस काढत होती.

“वा!” सर कोट झटकत म्हणले. “मानलं बुवा तुम्हाला. सांगितली तीच फिरवली.”

भेळवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला टाळी ऐकून रडू आलं.

“अवं साहेब, मी फिरवत नव्हतो!” मी ओरडलो. “मी तिला थांबवत होतो!”

“विनय आहे तुमचा.”

“कसला विनय! खरं सांगतोय, देवीच्या दारात उभा हाय मी! निळी फिरवायला बघत होतो, अन् फिरली तांबडी. माझा हात काय कामाचा न्हाई, साहेब. मलाबी आत्ता कळलं.”

मौतका कुवाँवाल्याच्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. सर हसले, जरासं, माणूस लहान पोराला हसतो तसं.

“वृषालीनं शिकवलेलं दिसतंय तुम्हाला.”

आता मात्र माझं डोकं सटकलं. खोट्याला टाळ्या, अन् खऱ्याला हे. मी मालनला म्हणलं, “दोरी आण.”

मालननं तंबूची सुतळी आणली. खडूच्या रेघेवर हँडल ठेवलं अन् मी ते असं आवळून बांधलं की हत्तीनंबी हललं नसतं. मग सरांना म्हणलं, “चला, बसा.”

“कुठे?”

“तांबडीत. वाळू झटकतो. अन् मीबी बसतो तुमच्या शेजारी.”

“काका, तुम्ही?” वृषाली म्हणली.

खरं सांगायचं तर मी माझ्या ब्रेकडान्सात कधी बसलो नव्हतो. हलवाई कुठं पेढे खातो? पण बसलो. सर नाही नाही म्हणत होते, पण समोर सगळी जत्रा उभी, त्यात त्यांची विद्यार्थिनी. कोटाची बटणं लावून बसले. मी दांडी अडकवली आणि दोन्ही हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे.

“बघा साहेब. हे माझे हात. मोजा. ह्यांच्यावर नजर ठेवा.”

मालननं बटण दाबलं आणि चार पावलं मागं सरकली. हँडलाजवळ कुणी नाही. वृषाली आपल्या पेटीशी.

पहिल्यांदा आम्ही झुललो. सर माझ्या हातांकडं बघत होते. “ठीक आहे,” म्हणले, “हे अपेक्षितच—”

पुढचं वाक्य त्यांचं अजून तिथंच हवेत असंल. तांबडीनं अशी गिरकी घेतली की यमाईचा डोंगर एकदा उजवीकडनं गेला, एकदा डावीकडनं. सर माझ्या अंगावर, मी सरांच्या अंगावर. मफलर सुटून भेळवाल्याकडं गेला. वाटलं, थांबली. थांबली तशी उलटी फिरली. सरांनी माझा एक वर केलेला हात गच्च धरला.

“ज्ञानोबा, पुरे करा!”

“मी कुठं करतोय साहेब? हात तुमच्याकडंच हाय!”

“मग कोण करतंय?”

“तेच तर तुमची पोरगी सांगतीय की!”

तवा थांबला. सरांना दोघांनी उतरवलं. वाळूच्या पोत्यावर बसले, डोकं गुडघ्यांत घालून. मी खांबाला मिठी मारून उभा. म्हणलं, “काय नशीब बघा. हितं एक डॉक्टर, दुसरी होणारी, अन् चकरीची गोळी एकाकडंबी न्हाई.”

मालननं दोघांच्या हातात लिंबाची फोड दिली.

बऱ्याच वेळानं सरांनी डोकं वर केलं. “फडतरे,” म्हणले, “पुन्हा एकदा चालवा. पोती घालून. दोरी तशीच राहू दे.”

पुन्हा चालवलं. ह्या खेपेला तांबडी निवांत, अन् पांढरी पिसाळलेली. पुन्हा चालवलं, तिसरीच तऱ्हा. दोरी तीच, रेघ तीच. सर आता उभे राहिले होते. चष्मा वाकडा, कोटाला ग्रीस, पण तोंड वेगळंच झालं होतं. जत्रेत पहिल्यांदा आलेल्या पोरासारखं. कुठली वाटी आधी सुटंल ह्यावर भेळवाल्याशी पैज लावत होते, आणि हरत होते.

“विषय बदलायचा नाही,” ते वृषालीला म्हणले. “पण प्रत्येक वाटीला वेगळी पेटी लाव. आणि पुढच्या जत्रेला मला आधी कळव.”

पोरगी वाकून त्यांच्या पाया पडायच्या आधी माझ्या पडली. मी म्हणलं, “अगं, उलटं झालं.” तर म्हणली, “बरोबर झालं.”

ते दोघं पेट्या उचलून यष्टीकडं गेले. जत्रेतली माणसं पांगली. उन्हं कलली तरी मी तव्याच्या कडेला बसून राहिलो, बोर्डाकडं बघत. चक्कर गेली होती, पण काहीतरी अजून गरगरत होतं.

मालन शेजारी येऊन बसली. कांदा-भाकर पुढं ठेवली.

“उतरवतो बोर्ड,” मी म्हणलं.

“कशाला?”

“खोटाय त्यो.”

“मग इतकी वर्सं मी माइकवर काय करत हुते? आरती म्हणत हुते व्हय?” ती म्हणली. “वाटी सुटली की मग मी तिचं नाव घेती. आधी बघायचं, मग बोलायचं. तुमचं ध्यान सारं हँडलावर, तुम्हाला कुठनं कळणार?”

घास हातातच राहिला. एवढ्या जत्रा, एवढ्या टाळ्या. आणि मग जे खरं गरगरत होतं ते तोंडावाटे निघालं.

“म्हणजे मालन, त्या वक्ताला विट्याकडं... तुझी वाटीबी मी फिरवली नव्हती.”

“न्हाईच.”

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी. तुम्हाला म्हाईत न्हाई, मी दुसऱ्या दिवशी परत आले हुते. मुद्दाम त्याच वाटीत बसले. तुम्ही मला वळखलं, अन् काय ते हँडल ओढताय, काय दात खाताय, घाम काय, शिरा काय! वाटी जाग्याची हलंना. सगळ्या जगाच्या फिरल्या, माझी तेवढी मुकाट.”

ते मला आठवत होतं. पण त्या वाटीत हीच होती, हे आठवत नव्हतं. का कुणाला ठाऊक, मनानं तेवढंच पुसून टाकलं होतं.

“मग लग्नाला हो कशाला म्हणलीस, भवाने?”

मालननं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर कांदा ठेवला, अन् माझ्या हातात दिला.

“पहिल्या दिवशी वाटी फिरली, तवा मला नुसती वकारी आली,” ती म्हणली. “दुसऱ्या दिवशी फिरली न्हाई, तवा तुम्ही आवडलात.”

आणि उठून गेली माइक लावायला. संध्याकाळची गर्दी यायला लागली होती.